अक्काच्या हातचा श्वास

माझ्या डाव्या डोळ्याची पापणी कुणीतरी अंगठ्यानं वर उचलली आणि आत बॅटरी मारली. सगळं पांढरंशुभ्र झालं. त्या पांढऱ्यात एका बाईचा चेहरा दिसला, कपाळावर घाम, गळ्यात तपासायची नळी. मग अंगठा निघाला आणि पापणी आपली आपण खाली पडली. मी धरायला गेले, पण ती काही माझी राहिली नव्हती.

"बुबुळ हलत नाहीय," बाई म्हणाली. आवाज अगदी कोवळा, कालच कॉलेजातून बाहेर पडल्यासारखा. "सिस्टर, तो फुगा आणा लवकर. श्वास फार वरवरचा चाललाय."

"हलंना म्हंजे? गेली काय?" हे आमचे भैरूतात्या, माझे चुलत सासरे.

अगं बया! मी इथं शब्द न् शब्द ऐकतेय आणि हा म्हातारा मला पोचवून मोकळा झाला. तात्यांच्या जिभेला हाड कधी नव्हतंच. एरवी मी दाराआडून, भांड्यांना ऐकवल्यासारखं असं काही बोलले असते की तेच मूग गिळून गप बसले असते. पण माझी जीभ तोंडात नुसती पडून होती. हात कुठं आहेत, पाय कुठं आहेत, ते कळत होतं, पण त्यांना माझं बोलणं पोचत नव्हतं.

झालं होतं ते असं. त्या दिवशी पहाटे मी पोटातल्या कळांनी उठले. ओवा चावला, गरम पाणी प्याले, परसात जाऊन आले. दिवस वर येईतो घसा धरला. मग पाणी गिळेना, मग पापण्या अशा जड झाल्या की मालक म्हणाले, "झोपंत चालतीस व्हय?" तात्यांनी बाहेरचं काहीतरी म्हणून अंगारा लावला. पाय गेले तेव्हा कुठं जीप काढली. हेळेवाडीहून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यापर्यंत मी मालकांच्या मांडीवर डोकं ठेवून आले. वाटेत मी त्यांना सांगत होते की पोराला निरश्या दुधाचा चहा देऊ नका. मला वाटलं बोलतेय. आवाज बाहेर येतच नव्हता.

"घरी काही भांडण वगैरे?" डॉक्टरीणबाई विचारत होती. "पिकावरचं औषध घेतलं का यांनी?"

"तसलं काय न्हाई हो आमच्या घरात," तात्या तडकले.

"तोंडाला वास नाहीय तसा," बाई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. माझे हात उलटेपालटे केले, पायाची बोटं फाकवून बघितली, मानेवरचे केस बाजूला सारले. "दात लागल्याची खूण कुठंच नाही. रात्री झोपल्या कुठं होत्या?"

"जमिनीवरच की. आमी सगळीच," मालक म्हणाले. रडवेला आवाज झाला होता त्यांचा.

"पहाटे पोटात दुखलं, मग घसा, मग पापण्या..." ती थांबली. "घरात कुणी काही बघितलं का? साप, जनावर? नीट आठवून सांगा. औषध कुठलं द्यायचं ते त्यावर आहे."

मालक नाही म्हणाले. तात्या नाही म्हणाले.

"म्या बघितलं," दाराकडून आवाज आला.

तो आवाज माझ्या थोरल्या जावेचा, द्वारकाअक्काचा. तिचे मालक मुंबईला गिरणीत, ती इथं आमच्यात. घर एक, चूल एक, पण नणंदेच्या लग्नात आहेराच्या साडीवरून आमच्या दोघींचं वाजलं ते वाजलं. डागाची साडी मला ठेवून धाकटीनं चांगली बदलून घेतली, असं ती भर मांडवात म्हणाली होती. माझं पोरगं तेव्हा रांगत होतं. ते शाळेत जायला लागलं तरी आमचा अबोला तसाच. अगदीच काही सांगायचं झालं तर आम्ही म्हशीला सांगायचो. "म्हशीबाई, आज जळण कुणी आणायचं हाय ते बघा." म्हस बिचारी रवंथ करत दोघींचं ऐकून घ्यायची. गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पण जी आधी बोलंल ती खाली, हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं.

"काय बघितलंत?"

"लांबडं. पहाटंच्याला. हिच्या वाकळंखालनं निघालं आन् जळणाच्या ढिगात शिरलं. काळं. अंगावर बारीक पांढरं पट्टं."

"मण्यार," डॉक्टरीणबाई म्हणाली. "सिस्टर, सापाच्या विषावरची औषधं काढा, आहेत तेवढी सगळी. आणि तुम्ही सकाळीच सांगितलं का नाही हो? इतका वेळ गेला."

अक्का दाराच्या चौकटीला नख लावत राहिली. मालक नुसते "वैनी..." म्हणाले. पंखा तेवढा करकरत फिरत होता.

माझ्या अंगाचा असा भडका उडाला म्हणता! बघितलं हिनं? माझ्या अंथरुणातून निघालेलं डोळ्यांनी बघितलं आणि चुलीपुढं बसून भाकरी थापत राहिली? मी ओवा चावत तिच्या समोरनं गेले, वाकून पोट धरून गेले, तरी हिचं तोंड उघडलं नाही? सटवी! माणूस आहे की दगड! मनातल्या मनात मी तिच्या सात पिढ्या काढल्या. बाहेर माझं बोटाचं पेरसुद्धा हललं नाही.

तेवढ्यात कानाजवळ उबदार श्वास आला. "शेवंताबाई, मी डॉक्टर आहे. तुम्हाला सगळं ऐकू येतंय, मला माहीत आहे. मण्यारीचं विष अंगाला निजवतं, डोक्याला नाही. आता तुमच्या घशात एक नळी घालणार आहे. त्रास होईल. घाबरू नका, हवा माझ्या हातात आहे."

इतकं गोड आजवर माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. नळी गेली तेव्हा वाटलं जीव उलट्या पावलांनी वर चाललाय. ओरडायला तोंड होतं पण ओरड नव्हती. मग एकाएकी थंडगार हवा आत आली, छाती फुगली, आणि सगळं सैल सुटलं.

त्या काळी आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात श्वासाचं यंत्र नव्हतं. गाडी एका बाळंतिणीला घेऊन कोल्हापूरला गेलेली. डॉक्टरीणबाईंनी मालकांना समजावलं, "विषावरचं औषध चालू केलंय. ते उतरेपर्यंत यांचा श्वास आपण चालवायचा. हा फुगा दाबत राहायचं, बास. थांबायचं मात्र नाही. आळीपाळीनं माणसं लागतील."

पहिला सिस्टरनं दाबला. मग मालकांनी. मालकांना फवारणीचा पंप मारायची सवय, ते सुटले भराभर. ढोबळे सिस्टर ओरडल्या, "अहो, टोमॅटोवर औषध मारताय काय? सावकाश!" मला पोटातून हसू आलं आणि ते पोटातच राहिलं.

मग फुगा अक्कानं घेतला.

"तुम्ही श्वास घ्याल तेव्हा दाबा, सोडाल तेव्हा सोडा," डॉक्टरीणबाईंनी तिला शिकवलं. "म्हणजे मोजायला नको."

तिनं घेतला, मला मिळाला. तिनं सोडला, माझा सुटला. मला भ्या वाटलं, खोटं कशाला बोलू. जिनं पहाटे तोंड उघडलं नाही तिच्या मुठीत माझा जीव. हिनं नुसता हात ढिला सोडला तर? कंटाळली तर? साडीची आठवण झाली तर? मी प्रत्येक श्वासाची वाट बघत होते. आणि तो येत होता. पुन्हा येत होता.

हळूहळू मला कुठं आहे तेच कळेनासं झालं. मिटल्या पापण्यांतून उजेड लालसर दिसायचा, मग तो केशरी व्हायचा, मग कुणीतरी खिडकीशी उभं राहिलं की जांभळा. मी माहेरच्या नदीत उताणी पडलेय असं वाटायचं. पाणी कानापर्यंत. पात्राच्या तळातले गोटे गोल गोल फिरतायत आणि त्यांचा आवाज पाठीतून येतोय. आई काठावर धुणं बडवतेय. तिनं पिळा आपटला की माझी छाती वर यायची. मग बघते तर आई नव्हती, माझी मेलेली सासू होती, सुपात तांदूळ पाखडत होती, आणि म्हणत होती, "धाकटे, नीज अजून, पहाट व्हायची हाय." मी म्हटलं, आत्याबाई, तुम्ही कशा इथं? तर त्या हसल्या आणि तांदूळ वर उडाले ते खाली आलेच नाहीत, पंख्यासंगं फिरत राहिले. स्पिरिटचा वास यायचा, मग कुणाच्या तरी डब्यातल्या लसणाच्या चटणीचा. दुखत काहीच नव्हतं. आणखी थोडं पुढं वाहत गेलं तर बरं, असंसुद्धा वाटायला लागलं होतं.

त्या पाण्यातून मला तात्यांच्या आवाजानं ओढून काढलं. दुसऱ्या दिवशीची दुपार होती म्हणे, आणि ते मालकांना समजावत होते.

"निवृत्ती, ऐक माझं. कालपास्नं ह्यो फुगा दाबताय. माणूस हलंना का बोलंना. बुबुळसुदिक मेलंय. हितं गेली तर पोलिस येणार, चिरफाड करणार. घरला न्यायची. आपल्या उंबऱ्यात, तोंडात तुळस-पाणी पडून जाऊ दे बिचारीला. जीप भायेर हुबी केलीय."

"मण्यारीत बुबुळंही फसवतात, आजोबा," डॉक्टरीणबाई म्हणाली. आवाज थकलेला होता. "त्या आत जाग्या आहेत. नेलंत तर रस्त्यातच संपतील."

"बाई, तुमी लहान हाय. आमी लई मढी बघितल्यात. निवृत्ती, सही कर आन् आटप."

मालक, नाही म्हणा! मालक, तुम्हाला पोराची शपथ! मी आतून अशी किंचाळले की कानठळ्या बसाव्यात. मालक काही बोलेनात. थोरल्यांपुढं त्यांचं तोंड उघडायचंच नाही, मला ठाऊक होतं ना. पेल्यात पळी वाजली. तात्या तुळशीचं पाणी घेऊनच आले होते. त्यांच्या वहाणा माझ्या खाटेकडं यायला लागल्या.

"तात्या, हितनं पुढं पाऊल टाकायचं न्हाई."

अक्का! अक्का बोलली! आमच्यात थोरल्या सासऱ्यांसमोर सुनेनं मान वर करायची नाही, मग बोलायची गोष्ट लांबच. लग्न होऊन आल्यापासून ती तात्यांना थेट एक शब्द बोलली नसेल. फुगा एक क्षण थांबला नाही.

"काय म्हनलीस?" तात्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं बहुतेक.

"माझा हात चाललाय तवर ती जित्ती हाय. तिला न्यायची तर मला बी त्या जीपात घाला. ह्या हातातनं फुगा काढून दावा."

मग मालकांचा आवाज आला, बारीक पण आला. "वैनी म्हणंल तसं, तात्या."

"बरं बाबा," तात्या म्हणाले. "उद्या दिस मावळंपतूर बघू. मग म्या कुणाचं ऐकणार न्हाई." पेला खिडकीत ठेवल्याचा आवाज झाला.

त्या रात्री काय झालं ते मला आठवत नाही. अधूनमधून हात बदलल्याचं कळायचं. सिस्टरचा हात घाईचा, डॉक्टरीणबाईंचा मोजका, मालकांचा आता बिचकत बिचकत चालायचा. अक्काचा हात आला की मला झोप लागायची. आदल्या दिवशी जिची भीती वाटली होती तिच्याच हाताशी मी निवांत निजत होते, आता काय म्हणायचं याला!

सकाळी खोलीत आम्ही दोघीच होतो. बाहेर साळुंक्या भांडत होत्या. अक्का भिंतीला म्हणाली, "कुणाला तरी सांगा म्हणावं, पोरगं काल तात्यांसंगं हितं आलं हुतं, माझ्याबरुबर जेवलंय. रडलं न्हाई."

डॉक्टरीणबाई दारातूनच म्हणाल्या, "भिंतीला काय सांगताय हो? त्यांना सांगा. ऐकतायत त्या. बोलत राहिलात तर बरं वाटेल त्यांना." आणि बाई गेल्या.

अक्कानं एका हातानं पदर सावरला. मग घसा खाकरला. मग सुरू झाली, आणि अशी सुरू झाली की बांध फुटावा. पहिल्यांदा पोराचं. मग म्हशीचं, ती दूध चोरायला लागलीय. मग साडीचं. "तू घेतलेल्या त्या साडीला बी डाग हुता, मागनं बघितलं म्या तू वाळत घातलीस तवा. मनाशी म्हनलं, झालं, दोघींच्या बी साडीला डाग, मग भांडलो कशापायी? पर सांगणार कसं?" मग तिच्या मालकांचं. गिरणी बंद पडणार म्हणतात, त्यांचं पत्र नाही, ती रात्री कूस बदलत पडते आणि पलीकडं माझ्या बांगड्या वाजल्या की तिला बरं वाटतं. इतकी वर्षं एका छपराखाली राहून मला ह्यातलं अक्षर माहीत नव्हतं. आणि मी, जिच्या तोंडाला गावात कुणी लागत नाही ती मी, नुसती ऐकत पडले होते. तिनं श्वास घेतला की मला मिळायचा, मग तिचं बोलणं, मग पुन्हा श्वास.

ऊन खाटेवर आलं. अक्काचा आवाज उतरला.

"आन् त्या दिशी पहाटं," ती म्हणाली. "तुला वाटंल, मुद्दाम गप बसली. देवाशपथ न्हाई गं. म्या ते बघितलं, काळजात धस्स झालं. तू उठून बसत हुतीस, केस बांधत हुतीस. म्या हाक मारायला तोंड उघडलं, आन्..."

नेमका तेव्हा माझ्या डोळ्यांत उजेड घुसला. आधी रेघ, मग रेघेत निळी खिडकी, मग खिडकीत अक्का. केस विस्कटलेले, ओठ सुकलेले, डोळे सुजून लाल. तिचं तोंड उघडं होतं आणि ती माझ्याकडं बघत होती. माझी पापणी वर गेली होती! माझी मी उचलली होती!

अक्काचं वाक्य तिथंच तुटलं. हातही थांबला, माझा जीव गुदमरला, आणि तिनं दचकून फुगा दाबला. मग अशी ओरडली की साळुंक्या उडाल्या, "डॉक्टरीणबाई! ओ डॉक्टरीणबाई! बघितलं! हिनं बघितलं माझ्याकडं!"

मग काय विचारता. बाई धावत आल्या, बॅटरी आली. "शेवंताबाई, डोळे मिटा. शाब्बास. उघडा. शाब्बास!" आणि त्या पोरीनं तिथंच भिंतीला टेकून डोळे पुसले. मालक पायाशी बसून हमसून हमसून रडले. ढोबळे सिस्टरनी गुळाचा खडा वाटला. तात्या आले, माझ्याकडं बघून हात जोडले, आणि जीपवाल्याला काय ते सांगायला बाहेर गेले. बाई म्हणाल्या, "धोका टळला. हातपाय येतील हळूहळू. नळी मात्र अजून राहू दे, छातीला जोर यायचाय. फुगा चालूच ठेवा." मग मालक चहा आणायला गेले, बाई दुसऱ्या पेशंटकडं गेल्या, आणि खोलीत पुन्हा आम्ही दोघी उरलो.

अक्का फुगा दाबत होती. मी तिच्याकडं बघत होते. तिनं नजर खाली घातली. मग खिडकीकडं बघितलं, मग भिंतीकडं. ओठ एकमेकांवर घट्ट दाबलेले. मी वाट बघितली. पंखा फिरत होता, ऊन सरकत होतं, श्वास येत होता न् जात होता, आणि ती काही बोलत नव्हती.

माझ्या घशात नळी. मला बोलता येत असतं तरी काय बोलले असते कोण जाणे. बोलता येत होतं तेव्हा तरी काय दिवे लावले होते आम्ही!

मी डोळे मिटले.

मुद्दाम मिटले. पुन्हा सगळं लालसर झालं. बराच वेळ गेला. एक श्वास, आणखी एक श्वास. अक्कानं नाक ओढलं. खाट जराशी कुरकुरली, म्हणजे ती जवळ सरकली असावी.

"तर हाक मारायला तोंड उघडलं," ती हळूच म्हणाली, "आन् तुला काय म्हनून हाक मारायची त्येच सुचंना. इतकी वरसं नाव घेतलं न्हाई गं. धाकटे म्हनू, का शेवंता म्हनू, का काय म्हनू? नाव जिभंवर येईतवर ते ढिगात शिरलं, तू परसाकडं गेलीस. वाटलं, चावलं असतं तर तू वरडली असतीस. गेलं, काय झालं न्हाई, आता कशाला बोला."

फुगा दाबला गेला, सुटला. माझ्या मिटल्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून काहीतरी कानाकडं ओघळत गेलं. ते अक्कानं बघितलं असणार, कारण तिनं आपल्या पदरानं ते टिपलं. ऐकतेय हे तिला कळलं होतं. मी झोपेचं सोंग घेतलंय हेही कळलं असणार. तरी ती बोलायची थांबली नाही.

"शेवंते," ती म्हणाली. मग चव घेऊन बघावी तसं पुन्हा म्हणाली, "शेवंते गं."

मी डोळे उघडले नाहीत. म्हटलं, बोलू दे अजून.